असेंबल्ड कॉम्प्युटर घेताय? आधी कोटेशन वाचायला शिका



मागच्या व्हिडिओत नव्या व्यवसायाला लागणाऱ्या मशिनरीबद्दल बोललो आणि कॉम्प्युटरचा विषय दोन मिनिटांत उरकला. त्यानंतर सगळ्यात जास्त मेसेज नेमके त्याच दोन मिनिटांवर आले. "सर, आय५ घेऊ की आय७?" "सर, ग्राफिक कार्ड लागेल का?" "ब्रँडेड बरा की असेंबल्ड?" व्हिडिओत आकडे स्क्रीनवर येतात आणि जातात, म्हणून यावेळी लिहूनच देतोय. दुकानात जाताना मोबाइलवर उघडून ठेवा.

सुरुवात एका खऱ्या कोटेशनपासून करू. एका ताईंनी ते मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं. नाव-गाव सांगत नाही. तालुक्याच्या ठिकाणी एसटी स्टँडजवळ त्यांनी छोटा गाळा भाड्याने घेतलाय. लग्नपत्रिका, बॅनर, व्हिजिटिंग कार्ड यांचं डिझाइन, मराठी टायपिंग आणि जोडीला ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचे, असा धंदा. मुद्रा योजनेतल्या शिशु कर्जासाठी अर्ज केला होता. शिशुमध्ये जास्तीत जास्त ५० हजार रुपये मिळतात. बँकेने कोटेशन मागितलं, ताई ओळखीच्या दुकानात गेल्या आणि दुकानदाराने लेटरहेडवर हे लिहून दिलं:

आय७ प्रोसेसर. एच६१ मदरबोर्ड. १६ जीबी रॅम. २५६ जीबी एसएसडी. ४ जीबी ग्राफिक कार्ड जीटी ७३०. गेमिंग कॅबिनेट, लाइटसह. १९ इंची एलईडी. कीबोर्ड-माउस. विंडोज, फोटोशॉप, कोरल फ्री. एकूण ३८,५०० रुपये.

ताईंचा प्रश्न एवढाच होता, "सर, हजार-दोन हजार कमी करायला सांगू का?"

मी म्हटलं, ताई, घासाघीस नंतर करू. आधी ५० हजारांतून ३८,५०० वजा करा. उरले ११,५००. त्यात प्रिंटर, यूपीएस, टेबल-खुर्ची, पहिल्या महिन्याचं भाडं आणि कागदाची रिमं बसवून दाखवा. आणि दुसरी गोष्ट, तुम्हाला जो कॉम्प्युटर नवा म्हणून विकतायत, त्याचा मेंदू २०१२ सालचा आहे.

आय७, पण कुठल्या सालचा?

हे ताईंना खरं वाटेना. तुम्हालाही वाटणार नाही, म्हणून नीट सांगतो.

आय३, आय५, आय७ ही फक्त घराण्याची नावं आहेत. माणूस कोण आणि वय किती हे त्यांच्या पुढच्या आकड्यावरून कळतं. आय७-३७७० यात ३ आकडा पहिला, म्हणजे तिसरी पिढी, साल २०१२. आय३-१२१०० यात पहिले दोन आकडे १२, म्हणजे बारावी पिढी, साल २०२२. साधा नियम असा की चार आकडे असतील तर पहिला आकडा पिढी सांगतो, पाच असतील तर पहिले दोन. (इंटेलने अलीकडे 'कोअर अल्ट्रा' अशी नवी नावं आणलीत, ती या नियमात बसत नाहीत. पण कमी बजेटच्या कोटेशनमध्ये अजून जुनीच नावं जास्त दिसतात.)

ताईंच्या कोटेशनवर आय७ च्या पुढे आकडाच नव्हता. मग मला कसं कळलं? मदरबोर्डवरून. एच६१ हा बोर्ड इंटेलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीलाच चालतो. म्हणजे त्यावर बाराव्या पिढीचा आय७ बसूच शकत नाही. मोठमोठ्या कंपन्या जुने ऑफिस कॉम्प्युटर भंगारात काढतात, त्यातून हे प्रोसेसर निघतात. त्यांना बसतील असे बोर्ड छोट्या कंपन्या आजही नव्या खोक्यात विकतात. बाहेरून कॅबिनेट नवं, लाइट लागलेले, आत जुना प्रोसेसर. गिऱ्हाइकाला वाटतं नवा कोरा आय७ मिळाला.

जुना माल विकणं हा गुन्हा नाही. "हा रिफर्बिश्ड आहे, इतक्याला देतो, इतक्या दिवसांची वॉरंटी" असं स्पष्ट सांगून विकला तर एखाद्या किराणा दुकानाच्या बिलिंगला तो चालूनही जातो. पण नव्याच्या भावात, नवा म्हणून आणि कर्ज काढून घ्यायचा नाही.

आता तुलना करा. आय७-३७७० मध्ये चार कोअर आणि आठ थ्रेड. आय३-१२१०० मध्येही चार कोअर, आठ थ्रेड. मधे दहा वर्षं गेलीत, त्यामुळे तो 'छोटा' आय३ या 'मोठ्या' आय७ ला कामात सहज मागे टाकतो, वीजही कमी खातो. नावातला ७ बघून पैसे मोजलेत, तर तुम्ही फक्त आकड्याला पैसे मोजले.

याहून मोठी अडचण वेगळी आहे. विंडोज १० चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. तिसऱ्या पिढीकडे यातलं काहीच नाही. कुणीतरी जुगाड करून ११ टाकून देईलही. पण ताईंच्या मशीनवर लोकांची आधार कार्डं, पॅन कार्डं, बँक पासबुकं स्कॅन होणार होती. असं मशीन सुरक्षेच्या अपडेटशिवाय किंवा जुगाडावर चालवणं म्हणजे गाळ्याचं शटर रात्रभर अर्धं उघडं ठेवून घरी जाणं.

आधी काम लिहा, मग पार्ट

आपल्याकडे कॉम्प्युटर घेताना लोक भाच्याला विचारतात. भाचा गेम खेळतो. तो त्याच्या दृष्टीने बरोबरच सांगतो, फक्त ते तुमच्या धंद्याचं नसतं.

म्हणून एक कागद घ्या आणि त्यावर पार्टची नावं न लिहिता, दिवसभरात कुठलं सॉफ्टवेअर उघडं असेल ते लिहा. ताईंचा कागद असा झाला: कोरलड्रॉ, फोटोशॉप, ब्राउझरमध्ये आठ-दहा टॅब, स्कॅनर आणि मराठी टायपिंग. झालं. व्हिडिओ नाही, थ्रीडी नाही, गेम नाही.

मग एक काम करा जे फारसं कुणी करत नाही. हाच धंदा करणाऱ्या, पण तुमच्या गावाबाहेरच्या एखाद्या ओळखीच्या माणसाकडे अर्धा तास बसा. त्याचं काम जोरात चालू असताना त्याच्या परवानगीने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सवर गेलात की रॅम किती भरलीय, डिस्क किती टक्क्यांवर आहे, प्रोसेसर किती दमलाय हे सगळं दिसतं. ताई त्यांच्या मावसभावाच्या डीटीपी सेंटरवर गेल्या. मोठा बॅनर उघडल्यावर प्रोसेसर निवांत होता, पण ८ जीबी रॅम काठोकाठ भरलेली आणि जुनी हार्ड डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली. पैसा कुठे घालायचा हे तिथेच कळलं.

पैसा कुठे घालायचा

पहिला एसएसडीत. साध्या फिरत्या हार्ड डिस्कचा वेग सेकंदाला साधारण १०० ते २०० एमबी. साटा एसएसडीचा ५०० च्या आसपास. बोर्डवर थेट बसणाऱ्या एनव्हीएमई एसएसडीचा दोन-तीन हजारांच्या पुढे. विंडोज आणि सॉफ्टवेअर एनव्हीएमईवरच ठेवा. क्षमता ५०० जीबीच्या आसपास घ्या, २५६ डिझाइनच्या कामात लवकर भरते. पण जुनी कामं साठवायला वेगळी १ किंवा २ टीबीची साधी हार्ड डिस्क जोडा. बॅनरवाल्याला हे पटकन पटेल. गणेश मंडळाचे लोक पुढच्या वर्षी येतात आणि म्हणतात, "मागच्या वेळचाच काढा, फक्त साल बदला." ती फाइल सापडली तर पाच मिनिटांत पैसे, नाही सापडली तर दोन तासांचं फुकट काम.

दुसरा रॅममध्ये. कोरल आणि फोटोशॉप एकत्र चालवणार असाल तर १६ जीबी. शक्यतो ८-८ च्या दोन स्टिक, कारण दोन स्टिकवर रॅम दोन वाटांनी काम करते आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला त्याचा चांगला फायदा होतो. मात्र २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव खूप चढलेत. जगभरच्या डेटा सेंटरची मागणी वाढलीय, त्याचा चटका आपल्याला बसतोय. बजेट फारच ताणलं जात असेल तर आत्ता ८ ची एकच स्टिक घ्या आणि दुसरा स्लॉट रिकामा ठेवा. बोर्ड डीडीआर४ चा आहे की डीडीआर५ चा हे कोटेशनवर लिहून घ्या. दोन्हींची खाच वेगळी असते, एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही.

ग्राफिक कार्ड? ताईंना लागणारच नव्हतं. कोटेशनमधलं जीटी ७३० हे २०१४ सालचं कार्ड, त्याला नवे ड्रायव्हर मिळणं २०२१ मध्येच थांबलंय. "४ जीबी ग्राफिक" हा शब्द गिऱ्हाइकाला भारदस्त वाटतो म्हणून ते घातलं जातं. आजच्या साध्या प्रोसेसरमध्ये आतच ग्राफिक्स असतं आणि पत्रिका-बॅनरच्या कामाला ते पुरतं.

पण इथे एक खड्डा आहे, सांभाळा. इंटेलच्या आकड्यापुढे इंग्रजी 'एफ' असेल, उदाहरणार्थ १२१००एफ किंवा १२४००एफ, तर त्यात आतलं ग्राफिक्स नसतं. थोडा स्वस्त पडतो म्हणून दुकानदार सुचवतो, आणि मग स्क्रीनवर चित्र यायला वेगळं कार्ड घ्यावंच लागतं. एएमडीच्या रायझेन ५६०० मध्ये बरोबर उलटं लक्षात ठेवा. ५६००जी मध्ये 'जी' आहे म्हणून ग्राफिक्स आहे, साध्या ५६०० मध्ये नाही.

ताईंसाठी आम्ही आय३-१२१०० धरला. आय५-१२४०० मध्ये सहा कोअर मिळतात आणि मलाही तो मोह झाला होता, पण त्या फरकाच्या पैशात मॉनिटर सुधारत होता. शिवाय दोघांचं सॉकेट एकच, त्यामुळे धंदा वाढल्यावर त्याच बोर्डवर मोठा प्रोसेसर बसवता येतो.

आणि मॉनिटर हाच डिझाइनवाल्याचा खरा डोळा. कोटेशनवर नुसतं '१९ इंची एलईडी' होतं. पॅनल कुठलं, रिझोल्यूशन किती, काहीच नाही. स्वस्त टीएन पॅनलचे मॉनिटर थोडे वाकून पाहिले तरी रंग बदलतात. गिऱ्हाईक शेजारी खुर्चीवर बसून बघतं, त्याला केशरी वेगळा दिसतो, तुम्हाला वेगळा. मग छापून आल्यावर भांडण. २२ ते २४ इंची, फुल एचडी, आयपीएस पॅनलचा मॉनिटर घ्या. त्यावरही छपाईचा रंग हुबेहूब दिसणार नाही, कारण पडदा उजेडाने रंग दाखवतो आणि छपाई शाईने. पण निदान रोज एकसारखा दिसेल, आणि तुमच्या नजरेला सवय होईल.

डब्यासोबत फुकट आलेला एसएमपीएस

इथे माझीच फजिती सांगतो. प्रशिक्षणाचं पहिलं ऑफिस टाकलं तेव्हा मी पण असेंबल्ड मशीन घेतलं होतं. प्रोसेसर चांगला, रॅम चांगली. एसएमपीएस मात्र कॅबिनेटसोबत फुकट आलेला. वर स्टिकर ४५० वॅटचा, हातात घेतला तर खेळण्यासारखा हलका. मार्च महिन्याच्या एका दुपारी लाइट गेली, आली, परत गेली, आणि तिसऱ्यांदा आली तेव्हा फट्ट असा आवाज होऊन जळका वास सुटला. एसएमपीएस गेला त्याचं मला फार वाटलं नाही. तो जाताना हार्ड डिस्क घेऊन गेला. त्यात आठ महिन्यांच्या बॅचचे हिशेब, फीच्या नोंदी, हजेरी. बॅकअप? पुढच्या रविवारी घेणार होतो. पालकांना आणि विद्यार्थ्यांना फोन करकरून "तुमच्या पावतीचा फोटो पाठवता का" असं विचारताना जी लाज वाटली ती अजून आठवते.

तेव्हापासून मी कोटेशनवर एसएमपीएसची ओळ आधी बघतो. ताईंच्या कोटेशनवर ती ओळच नव्हती! नाव असलेल्या कंपनीचा, मॉडेल नंबरसह, निदान तीन वर्षांच्या वॉरंटीचा घ्या. '८० प्लस' हा शिक्का असेल तर तो वीज कमी वाया घालवतो. ग्राफिक कार्ड नसलेल्या मशीनला ४५० वॅटचा खरा एसएमपीएस भरपूर होतो. ७५० वॅटचा गळ्यात मारला तर नको म्हणा.

यूपीएस ही चैन नाही. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतचा भार घेतो. असं मशीन मॉनिटरसह बहुतेक वेळ याच्या निम्म्याहूनही कमी खातं, म्हणजे फाइल सेव्ह करून नीट बंद करायला वेळ मिळतो. फक्त लेझर प्रिंटर त्या यूपीएसला लावू नका. प्रिंटर गरम होताना एकदम इतका करंट ओढतो की यूपीएस मान टाकतो.

आणि गाळ्याचं अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, मशीन नंतर. भाड्याच्या जुन्या गाळ्यांमध्ये तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते, हे मी कितीतरी ठिकाणी पाहिलंय.

बॅकअपसाठी एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या. ती रोज संध्याकाळी घरी न्यायची. मशीनशेजारी ठेवलेला बॅकअप चोरी किंवा आग यात मशीनबरोबरच जातो.

"सगळं फ्री टाकून देतो"

कोटेशनची शेवटची ओळ: विंडोज, फोटोशॉप, कोरल फ्री. मित्रांनो, यातलं काहीही फ्री नसतं. क्रॅक टाकलेलं सॉफ्टवेअर अपडेट होत नाही, त्यातून व्हायरस येतात, आणि कायद्याने ते चोरीच आहे. धंद्याच्या पाटीखाली बसून हा धोका घेऊ नका. विंडोजचं लायसन्स कोटेशनमध्येच धरा, म्हणजे ते कर्जाच्या रकमेत बसतं.

डिझाइनचं सॉफ्टवेअर महाग आहे हे मान्य. सुरुवातीला इंकस्केप आणि गिम्प ही मोफत आणि कायदेशीर सॉफ्टवेअर वापरून बघा. शिकायला पंधरा दिवस जातील. तुमची प्रेस पीडीएफ फाइल घेते का, की कोरलचीच मागते, हे आधी विचारून घ्या. तो एक फोन तुमचे बरेच पैसे वाचवेल किंवा कोरल घ्यावंच लागेल हे तरी ठरवेल. मराठीसाठी मुक्त, बालू असे युनिकोड फॉन्ट मोफत मिळतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने ते बनवलेत. कुणाकडून जुनं कोरल घेत असाल तर त्यात युनिकोड मराठीची जोडाक्षरं फुटतात का ते टाइप करून पाहा. श्रीलिपीसारखं सॉफ्टवेअर आधीपासून असेल, तर तुमची आवृत्ती विंडोज ११ वर चालते का हे मशीन ठरवण्याआधी विचारा.

तुमचा धंदा वेगळा असेल तर

टॅली आणि जीएसटी रिटर्नचं काम करणार असाल तर आय३, ८ जीबी, एसएसडी बस्स झालं. वाचलेल्या पैशात दुसरा मॉनिटर लावा. एका पडद्यावर बिलं, दुसऱ्यावर टॅली. वेग त्यानेच वाढतो.

सेवा केंद्र चालवणार असाल तर यूएसबी पोर्ट मोजा. बोटाच्या ठशाचं मशीन, डिजिटल सहीचा टोकन, प्रिंटर, स्कॅनर, वेबकॅम, कीबोर्ड, माउस... सात झाले. मागे सहा आणि पुढे दोन पोर्ट तरी हवेत.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांचं गणित मात्र पूर्ण वेगळं आहे. तिथे ग्राफिक कार्ड खरंच लागतं, ३२ जीबी रॅम लागते, आणि इंटेल घेत असाल तर 'एफ' वाला टाळा, कारण आतल्या ग्राफिक्समधली क्विक सिंक ही सोय कॅमेऱ्याच्या फाइली भराभर उलगडायला मदत करते. त्यावर वेगळा व्हिडिओ करतो, इथे कोंबत नाही.

ब्रँडेड की असेंबल्ड? तुमच्या गावापासून तासाभरात असेंबल्ड दुरुस्त करणारा भरवशाचा माणूस असेल तर असेंबल्ड घ्या. पार्ट बदलता येतात, वाढवता येतात. तसा माणूस नसेल आणि एक दिवस बंद राहणं परवडत नसेल, तर घरी येऊन दुरुस्ती देणारा ब्रँडेड घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. लॅपटॉप फक्त त्यांनी घ्यावा ज्यांना गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन काम करायचंय.

दुकानदाराला काय लिहायचं

निदान तीन दुकानांकडून कोटेशन मागवा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्लीत एका दिवसात दहा दुकानं होतात; तालुक्यात दोन आणि जिल्ह्याच्या ठिकाणी एक एवढं तरी करा. खालचा मेसेज तसाच कॉपी करा:

"नमस्कार, मला ऑफिसच्या कामासाठी असेंबल्ड पीसी हवा आहे. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, हार्ड डिस्क, एसएमपीएस, कॅबिनेट, मॉनिटर, यूपीएस आणि विंडोज लायसन्स यांची कंपनी, पूर्ण मॉडेल नंबर, वॉरंटी आणि जीएसटीसह किंमत प्रत्येकी वेगळी लिहून द्यावी. प्रोसेसर बॉक्स पॅकच हवा. सर्व पार्ट नवे हवेत."

बॉक्स पॅक का? त्याला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रेमधला सुटा प्रोसेसर असेल तर वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर. जो दुकानदार मॉडेल नंबर लिहायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडे चहा प्या आणि पुढे जा. किमती मी मुद्दाम दिल्या नाहीत. हल्ली कोटेशन आठवड्यात शिळं होतं, बँकेत द्यायचं असेल तर त्यावर भाव किती दिवस कायम राहील तेही लिहून घ्या.

पैसे बँकेतूनच द्या. कर्ज असेल तर बँक बहुतेक वेळा थेट दुकानदारालाच देते. स्वतः देत असाल तर हे लक्षात ठेवा की एका दिवसात एकाच माणसाला १०,००० रुपयांहून जास्त रोख दिलेत, तर इन्कम टॅक्सच्या हिशेबात ती रक्कम त्या वस्तूच्या किमतीत धरली जात नाही. म्हणजे त्यावर घसारा मिळत नाही. कॉम्प्युटरवर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो (वर्षात १८० दिवसांहून कमी वापरला तर त्याच्या निम्मा), तो "रोख द्या, बिल नको, हजार कमी करतो" या वाक्यावर घालवू नका. कॉम्प्युटरवर जीएसटी १८ टक्के आहे. तुमचा नियमित जीएसटी नंबर असेल तर तो क्रेडिटमध्ये मिळतो, कंपोझिशनमध्ये असाल तर मिळत नाही. अंदाजे नफ्याच्या योजनेत रिटर्न भरत असाल तर घसाराही वेगळा मिळत नाही; तुमच्या सीएला विचारा.

मशीन ताब्यात घेताना दुकानातच सुरू करून बघा. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅमचे किती स्लॉट भरलेत आणि डिस्क एसएसडी आहे का हे दिसतं. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर एसएसडी आधी किती तास चाललीय ते सांगतं. नव्या एसएसडीवर तो आकडा अगदी किरकोळ असतो. शेकड्यांत किंवा हजारांत असेल तर ती कुणाची तरी वापरलेली आहे.

ताईंचं पुढे काय झालं ते सांगतो. तीन कोटेशनं आली. सगळ्यात चांगलं जिल्ह्याच्या ठिकाणाहून मिळालं, आणि तेही पहिल्या ३८,५०० पेक्षा थोडं जास्तच होतं. खोटं कशाला सांगू? रॅम त्यांनी ८ ची एकच घेतली. रंगीत प्रिंटर सहा महिने पुढे ढकलला, कारण बॅनर आणि पत्रिका तशाही शहरातल्या प्रेसलाच छापायला जातात. फॉर्मसाठी साधा काळा-पांढरा प्रिंटर घेतला. टेबल घरचंच आणलं.

मशीन आलं त्या संध्याकाळी त्यांनी बिलाचा फोटो पाठवला. बिलावर एकच ओळ होती: "असेंबल्ड कॉम्प्युटर सेट, नग १." मी लगेच फोन केला. प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर बिलावर नसेल तर दोन वर्षांनी एसएसडी गेल्यावर ती तुमचीच होती हे कसं दाखवणार? ताई दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने परत गेल्या. दुकानदार थोडा कुरकुरला, पण दहा ओळींचं, सगळ्या नंबरांचं नवं बिल करून दिलं. त्याचा फोटो त्यांनी मला पाठवला, एक प्रत बँकेत दिली, आणि पार्टची सगळी रिकामी खोकी घरी माळ्यावर ठेवली.